पावित्र्य आणि लिफ्ट

राजगडावर रोपवे होणार अशी चर्चा निघाली की आमच्या घरच्या ग्रुपवर रण पेटतं. यावेळी चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, लिहिलं, "पायांत दम नसेल त्याने गडावर जाऊच नये. गड म्हणजे पिकनिक स्पॉट नव्हे." खाली अंगठ्यांची रांग. हाच दादा सिंहगडावर गाडीने थेट वरच्या वाहनतळापर्यंत जातो आणि पिठलं-भाकरीचा फोटो टाकतो. तिथे पावित्र्याला काही होत नाही.

मी राहते स्वित्झर्लंडमधल्या बेलिन्झोनात. आल्प्समधल्या गोटहार्ड घाटाकडून येणाऱ्या वाटा जिथे तिचिनो नदीच्या खोऱ्यात एकत्र येतात, तिथे मिलानच्या ड्यूकांनी तीन किल्ले आणि तटबंदी घालून खोरंच आडवं बंद केलं होतं. घाटाच्या तोंडाशी किल्ला का असतो, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. हे किल्ले सन २००० मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. आपले बारा गड जायला २०२५ उजाडलं, आणि लगेच भांडण काय, तर वर कोणी जायचं!

त्यातला कास्टेलग्रांदे गावाच्या मधोमध, एका कातळावर उभा आहे. चौकाच्या कडेला त्या कातळात एक उभी फट आहे. आत शिरलं की काँक्रीटची अरुंद वाट, मग गोल दालन, आणि त्यात लिफ्ट. वर दार उघडलं की समोर हिरवळ आणि दोन बुरुज, एक काळा, एक पांढरा. गाल्फेत्ती नावाच्या वास्तुविशारदाने ऐंशीच्या दशकात हे काम हाती घेतलं. कातळ फोडून लिफ्ट नेली, पण तटाला कुठे ठिगळ लावल्यासारखं दिसत नाही. शनिवारचा बाजार उरकून बाबागाडीसकट वर जाणाऱ्या आया मी नेहमी बघते. वर उपाहारगृहही आहे. महाग आहे, आणि कांदाभजी मिळत नाही, हा त्याचा खरा दोष. आपल्याकडे २०१९ साली पंचवीस किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा शिवरायांशी निगडित किल्ले त्यात नाहीत असा खुलासा करता करता सरकारच्या नाकी नऊ आले. पन्हाळ्यावर मात्र हॉटेलं आहेत, तिथे आपण लग्नाच्या वाढदिवसाला राहतो.

दादाचा दुसरा मुद्दा: डोंगराला हात लावला की दरडी कोसळणार. इथे शेजारच्या ब्लेनिओ खोऱ्यात १५१३ साली अख्खा डोंगर आला, कोणी हात न लावता. त्याने नदी अडली, आणि १५१५ मध्ये तो बांध फुटून बेलिन्झोनाचा पूल आणि तटाचा भाग वाहून गेला. हे मी ग्रुपवर टाकलं. कोणी वाचलं नसावं.

माझ्या आईने रायगड पाहिला तो १९९६ साली सुरू झालेल्या रोपवेमुळेच. तो हिरकणीवाडीतून सुटतो. कडा उतरलेल्या बाईच्या नावाच्या वाडीतून गुडघे गेलेल्या बायका वर जातात, यात महाराजांचा काय अपमान झाला ते दादाने सांगावं. समाधीपाशी आईने चप्पल काढली, उन्हाने तापलेल्या फरशीवर पाय भाजत होते तरी ती हलली नाही.

यावर दादाने एकच ओळ लिहिली: "तुमच्या त्या किल्ल्यात कोणाचा जीव तरी आहे का?"

लागलं मला. कारण नाहीच. जोर्निकोच्या लढाईत मिलानची फौज हरली, म्हणून १४७९ मध्ये तिघांतला सासो कॉर्बारो हा किल्ला बांधला, तो स्विस लोकांना अडवायला. पुढे स्विसांनीच गाव घेतलं, आणि उरी, श्वीझ, उंटरवाल्डन या तीन कँटनांची, म्हणजे स्विस प्रांतांची, नावं तिन्ही किल्ल्यांना मिळाली. अडवणारे गेले, ज्यांना अडवलं ते मालक झाले. कोणी कोणासाठी चप्पल काढायची? अशा ठिकाणी लिफ्ट बसवताना कोणाच्या काळजाला हात लागत नाही, हे मला दादाच्या आधीपासून माहीत आहे. मीही तिथे आइस्क्रीम खात फिरते. आणि पाहुणे आले की बुरुजाचा फोटो काढायच्या आत त्यांना रायगडाच्या टकमक टोकाबद्दल सांगायला लागते. नवरा म्हणतो, तू गाईड आहेस, पण चुकीच्या किल्ल्याची.

तरी रोपवे हवाच. मी राजगडाच्या पाली दरवाजाने चढेन, मला जमतं. आईला जमत नाही. तिला गुडघ्याच्या डॉक्टरकडे दादाच नेतो, मी इथून पैसे पाठवते. म्हणूनच त्याला विचारलंय, तिने राजगड बघायचा म्हटलं तर कसा न्यायचा? अजून उत्तर आलेलं नाही.