प्रशिक्षण ऑनलाइन, पण कोणाच्या वेळेत?

कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा विषय भारतात निघाला की बोलणारे दोन बाजूंना उभे राहतात. एका बाजूचं म्हणणं, सक्ती केल्याशिवाय आपल्याकडे कोणी काही शिकत नाही. दुसरी बाजू म्हणते, कोर्स रटाळ आहेत म्हणून लोक टाळतात. व्हिडिओ पाच मिनिटांचे करा, बॅज द्या, गुणांची चढाओढ लावा, मग बघा. केंद्र सरकारनं २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मिशन कर्मयोगी मंजूर केलं, त्यातल्या आयगॉट कर्मयोगी या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरची नोंदणी एक कोटीच्या पुढे गेली, त्यामुळे हा वाद आता फक्त आयटी कंपन्यांपुरता राहिलेला नाही. खासगी नोकरीत तर लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा आहेच. त्यात कर्मचाऱ्यांचं प्रबोधन नियमितपणे करा असं म्हटलं आहे, आणि त्याचा सोपा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘वर्षातून एकदा एक मॉड्यूल’ असा लावला गेला आहे.

मी जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, असे कोर्स बनवण्याचंच काम करतो. गोदामं, यंत्रशाळा, रुग्णालयांची स्वयंपाकघरं अशी माझी गिऱ्हाइकं. इथून पाहताना वाटतं, की भारतातले हे दोन्ही पक्ष एक प्रश्न ओलांडून पुढे गेले आहेत: हा कोर्स माणसाच्या दिवसातला कुठला तास खातो?

माझ्या वहिनी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवतात. एखादं ऑनलाइन प्रशिक्षण आलं की ते रात्री. भाकरी झाल्या, भांडी आवरली की मोबाइल डब्याला टेकवून व्हिडिओ लावायचा आणि समोर वह्या तपासायला घ्यायच्या. आवाज थांबला की अंगठा ‘पुढे’वर. शेवटच्या चाचणीची उत्तरं शिक्षकांच्या ग्रुपवर आधीच आलेली असतात: १ ब, २ ड, ३ ड, ४ अ, ५ ड. ‘ड’ जास्त, कारण ‘ड’ म्हणजे बहुतेक वेळा ‘वरीलपैकी सर्व’. मग प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट वर जातो आणि कुठल्या तरी तक्त्यातला एक चौकोन हिरवा होतो. वहिनी कामचुकार आहेत म्हणावं तर चार इयत्ता एका खोलीत बसवून शिकवणारी ही बाई आहे. ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत महाराष्ट्रातले शिक्षक रस्त्यावर आले तेव्हा ‘यांना नवीन काही शिकायलाच नको’ असा शेरा मी आमच्या इथल्या मराठी मंडळातही ऐकला. बोलणाऱ्याला स्वतःचं प्रशिक्षण पगारी वेळेत, कॉफीच्या कपासकट मिळतं, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

इथे ते तसं मिळतं, कारण कायदा आहे. जर्मनीच्या १९९६ च्या कामगार सुरक्षा कायद्यात कलम १२ आहे. मालकानं कामगाराला सुरक्षेबद्दल पुरेशी आणि त्याच्या कामाला लागू पडेल अशी माहिती द्यायची, आणि ती कामाच्या वेळेत द्यायची. अपघात विमा मंडळांच्या नियमाप्रमाणे हे वर्षातून निदान एकदा करायचं आणि त्याची नोंद ठेवायची. संगणकावरून दिलं तरी चालतं, पण त्याला अटी आहेत. मजकूर त्या कामाच्या जागेचा हवा, समजलं की नाही ते तपासायला हवं, आणि शिकणाऱ्याला प्रश्न पडला तर विचारायला जिवंत माणूस हवा. कॅलिफोर्नियात साधारण असंच आहे: लैंगिक छळाबद्दलच्या ई-कोर्समध्ये विचारलेल्या प्रश्नाला दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणारा प्रशिक्षक असावा लागतो. त्याच कायद्यानं साध्या कर्मचाऱ्याला एक तास आणि पर्यवेक्षकाला दोन तास असं मापही ठरवून दिलंय, म्हणून तिकडच्या कोर्समध्ये ‘पुढे’चं बटण घड्याळ पाहून उघडतं. लोक तेवढ्यात कपडे धुवायला टाकून येतात.

तेव्हा परदेशात सगळं सुरळीत आहे अशा भ्रमात कोणी राहू नये. वेळ दिला म्हणून कोर्स चांगला होत नाही. चाळीस स्लाइड, प्रत्येकीवर आठ ओळी आणि त्याच ओळी वाचून दाखवणारा गंभीर आवाज, असा माल जर्मनीतही ढिगानं खपतो. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये, २०१५ पासून स्वतःच्या शिक्षणासाठी वर्षाला पाच दिवस भरपगारी रजा मागता येते. प्रत्यक्षात ती घेणारे फार थोडे. साहेबाचा चेहरा कसा होईल, हा विचार इथेही लोक करतात.

इथल्या कामातली मला सुरुवातीला जाचक वाटलेली एक गोष्ट मात्र पुढे फार उपयोगी पडली. ज्या कंपनीत कामगारांनी निवडून दिलेली समिती असते, तिला इथे बेट्रीब्सराट म्हणतात, तिथे कर्मचाऱ्याच्या वागण्यावर नजर ठेवू शकेल अशी कोणतीही यंत्रणा समितीच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. ऑनलाइन कोर्सची यंत्रणा नेमकी तशीच असते. कोणी कुठे थांबलं, कोणत्या प्रश्नाला तीनदा चुकलं, रात्री किती वाजता उघडलं, सगळं तिला कळतं. माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे समितीनं फक्त ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ एवढंच नावानिशी बघायची परवानगी दिली. म्हणजे कोर्स कुठे फसतोय ते मला पडद्यावरून कळायची सोय नाही. मग उरतं काय? सुरक्षा बूट घालायचे आणि गोदामात जायचं.

मोटारीचे सुटे भाग ठेवायच्या एका गोदामात मी फोर्कलिफ्टचा वार्षिक कोर्स नव्यानं करत होतो. जुन्या कोर्समध्ये प्रश्न होता: ‘पॅलेटवरचा माल उंच असल्यामुळे पुढचं दिसत नसेल तर काय कराल?’ पर्याय असे: वेग वाढवीन, डोळे मिटून चालवीन, गाडी उलटी चालवीन किंवा वाट दाखवायला सोबत माणूस घेईन. उत्तर चुकायला माणूस झोपलेलाच हवा. मी पाळीच्या मुकादमाजवळ उभा राहून विचारलं, की खरोखर लोक काय करतात? तो तुर्की वंशाचा, तिथे आयुष्य काढलेला. तो हसला आणि बोटानं दाखवलं. समोरून एक चालक बाजूला अर्धा बाहेर वाकून, हॉर्न वाजवत, हळूहळू सरळच येत होता. उलटी का नाही चालवत? कारण लांब पल्ला मान मागे वळवून चालवली की मान धरते. आणि पाळी संपायला थोडा वेळ असताना माल चढवायच्या धक्क्यावर ट्रक उभा असला तर सोबतीला माणूस कुठून आणणार?

तोच पर्याय मी कोर्समध्ये घातला: ‘बाजूनं डोकावत, हॉर्न वाजवत, सावकाश जाईन’. प्रसंगही तोच, ट्रक धक्क्यावर, पाळी संपत आलेली. फोटो त्यांच्याच गोदामातल्या वाटेचा, माझ्या फोनवर काढलेला. हा पर्याय निवडला की लाल फुली येत नाही. पुढचा फोटो येतो: वाट जिथे छेदते तिथून एक जण हातगाडी ओढत बाहेर येतोय, आणि तो ज्या बाजूनं येतोय तिकडे चालकाची पाठ आहे. बस. बहुतेकांनी पहिल्या फटक्यात हाच पर्याय निवडल्याचं त्यांनीच मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, वर वादही घातला. ‘हॉर्न वाजवला तर तो थांबेल ना?’ ‘कानात बोळे घातलेत त्यानं!’ एवढा वाद त्या कोर्सवरून त्या कंपनीत आधी कधी झाला नसावा. यात गुण नव्हते, बॅज नव्हता, नाचणारं कार्टूनही नव्हतं.

या फेरीत आणखी एक गोष्ट निघाली. मुकादम म्हणाला, मुळात पॅलेट एवढी उंच भरतंच कोण? आधीच्या टप्प्यावर माल जास्त रचतात म्हणून पुढे दिसत नाही. तेव्हा रचण्याच्या जागी खांबावर उंचीची एक पिवळी पट्टी ओढली गेली. ते काम कोर्सचं नव्हतंच. प्रशिक्षणाच्या नावाखाली आपण जे लोकांच्या माथी मारतो त्यातलं पुष्कळसं असंच असतं. पट्टी ओढायची सोडून व्हिडिओ काढलेला असतो.

जर्मनीत मला पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून गोदामात जावं लागतं. भारतात याच्या नेमकं उलट आहे. तक्ता तयार आहे. कोणत्या कार्यालयाचे किती टक्के झाले ते बसल्या जागी दिसतं, आणि दिसतं म्हणून कोणी उठून बघायला जात नाही. त्या टक्क्यांच्या मागचं यंत्र किती मुकं आहे, हेही जाणून घ्यावं. कोर्सनं पोर्टलला काय कळवायचं हे ठरवणारं स्कॉर्म नावाचं एक मानक आहे. जगभर बहुतेक कोर्स अजूनही त्यावरच चालतात आणि त्याची २००१ ची १.२ ही आवृत्ती आजही सर्रास वापरात आहे. तिला माणसाबद्दल सहाच स्थिती ठाऊक आहेत: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळला, उघडलाच नाही. ‘समजलं’ ही स्थिती त्यात नाही. ‘पाहता पाहता झोप लागली’ हीसुद्धा नाही.

कोर्सच्या शेवटी लगेच घेतलेली चाचणीही फारशी कामाची नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतो. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण एकदा वाचून मग स्वतःला आठवून लिहायला लावलेल्यांनी आठवड्यानंतर त्यांना मागे टाकलं. म्हणजे कोर्स संपताच चाचणी घेऊन आपण पाच मिनिटांची आठवण मोजतो आणि तिच्यावर वर्षाचं प्रमाणपत्र छापतो. त्यापेक्षा आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर दोन प्रश्न पाठवावेत. भारतात हे जर्मनीपेक्षा कितीतरी सहज होईल, कारण इथे कामाच्या गोष्टी खासगी फोनवर पाठवायच्या म्हटलं की आधी समितीसमोर उभं राहावं लागतं.

आणि उत्तरांच्या त्या ग्रुपबद्दल. अधिकारी त्याला कॉपी म्हणतात. मला त्यात चांगला कच्चा माल दिसतो. जर्मनीत माणूस हेडफोन लावून एकटा शिकतो, शेजारच्याला विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं. आपल्याकडे चाळीस शिक्षक एका दिवसात एका प्रश्नावर एकमेकांशी बोलतात, फक्त प्रश्न असा असतो की त्यावर ‘ड’ याखेरीज बोलण्यासारखं काही नसतं. तिथे असा प्रश्न द्या: तिसरीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी जमत नाही, हे त्याच्या वहीचं पान, तो नेमकं काय चुकतोय आणि उद्या सकाळी तुम्ही त्याला काय द्याल? याची उत्तरं फिरू देत खुशाल ग्रुपवर. जितकी फिरतील तितकं बरं.

‘आपली लोकसंख्या बघा, तुमच्यासारखे लाड परवडत नाहीत’ हे उत्तर मला दर वेळी ऐकवलं जातं. खर्चाचा हिशेब खरं तर उलटा आहे. स्टुडिओ, निवेदक, ॲनिमेशन यांना पैसा लागतो. फोनवर काढलेल्या वहीच्या फोटोला लागत नाही. महागाचा आहे तो कामाच्या वेळेतला तास, आणि तिथेच सगळ्यांचा हात आखडतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. चालक, परिचारिका, इलेक्ट्रिशियन अशा दहा हजार जणांना सुरुवातीला पाठवायचं ठरलं. त्यातला जो कोणी इथे कामाला लागेल त्याला पहिल्याच दिवशी सुरक्षेची माहिती पगारी वेळेत द्यावी लागेल, तो कुठून आला याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. तोच मुलगा नाशिकच्या कारखान्यात असता तर त्याला सुट्टीच्या दिवशी लिंक आली असती, अशी माझी अटकळ आहे. ती खोटी ठरली तर मला आवडेल.

मागायचंच असेल तर शिक्षकांनी, कारकुनांनी आणि कारखान्यातल्या युनियननी एवढंच मागावं: प्रत्येक सक्तीच्या कोर्सबरोबर त्याचा तास कामाच्या वेळापत्रकात लिहून द्या. तास द्यावा लागला की कोर्स आपोआप आखूड होतील, कारण मग त्यांची किंमत कार्यालयाला मोजावी लागेल. शाळांसाठी जागाही तयार आहे. आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद भरतेच, तिथे एक तास सगळ्यांनी मिळून एकाच पडद्यावर बसावं.

वहिनींना मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, तास मिळेल हो. पण त्या तासाचा आदेश निघेल ना, त्याच्याच खाली तास घेतल्याचे पाच फोटो अपलोड करायची लिंक असेल.’ तेव्हा फोटोची लिंक नको, हे मागणीपत्राच्या पहिल्या ओळीत घालावं.