दुधीच्या रसाने हृदयातले ब्लॉकेज जात नाहीत: 'वाग्भटांचा उपाय' सांगणाऱ्या मजकुराला उत्तर

तो मजकूर पुन्हा फिरू लागला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तीन हजार वर्षांपूर्वी महर्षी वाग्भटांनी हृदयविकारावर खात्रीचा उपाय लिहून ठेवला. पोटातली आम्लता वाढली की ती रक्तात उतरते, असं आम्ल रक्त हृदयाच्या नळ्यांतून पुढे सरकत नाही, आणि त्यालाच ब्लॉकेज म्हणतात. म्हणून क्षारयुक्त खा, आणि सगळ्यांत क्षारयुक्त काय, तर दुधी. रोज सकाळी अनशापोटी २०० ते ३०० मिलि रस, त्यात तुळस-पुदिन्याची पानं, वरून सैंधव. एकविसाव्या दिवशी फरक, दोन-तीन महिन्यांत ब्लॉकेज साफ. ऑपरेशनची गरजच नाही, कारण डॉक्टर आत टाकतात ती पेनातल्यासारखी स्प्रिंग, दीडशे रुपयांची, आणि ती विकतात लाखांना. शेवटी अर्थातच, 'जनहितार्थ पुढे पाठवा'.

मला हा मजकूर पाठवणाऱ्यांत स्वतः स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवून घेतलेली माणसं आहेत. ती रोज रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात, आणि हे वाचून त्यांतल्या कुणाला गोळ्या बंद कराव्याशा वाटल्या तर काय होईल याची मला खरोखर भीती वाटते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'तीन हजार वर्षांपूर्वी वाग्भटांनी लिहून ठेवलं.'

वाग्भटांचा अष्टांगहृदय हा आयुर्वेदातला ग्रंथ साधारण सहाव्या-सातव्या शतकातला, म्हणजे सुमारे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा मानला जातो. ग्रंथ दुर्मिळ नाही. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित केलेली आवृत्ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकातच छापली होती. त्यात हृद्रोग आहे, पण वात, पित्त, कफ, सन्निपात (तिन्ही दोष एकत्र) आणि कृमी अशा पाच प्रकारांत. हृदयाच्या (करोनरी) धमनीतला अडथळा ही कल्पना त्या काळी जगात कुठेच नव्हती. रक्त शरीरात फिरून हृदयाकडे परत येतं हे विल्यम हार्वेने १६२८ साली मांडलं, आणि आम्ल-अल्क (अल्क म्हणजे मजकुरातलं 'क्षारयुक्त') मोजायची पीएचची, म्हणजे सामूची, पट्टी सोरेनसेनने कोपनहेगनमध्ये १९०९ साली आणली. 'रक्ताची आम्लता' वाग्भटांच्या तोंडी घालणं हा त्यांचा सन्मान नव्हे. ज्याला त्यांच्याविषयी आदर आहे त्याने त्यांनी न लिहिलेलं त्यांच्या नावावर खपवू नये.

'पोटातली आम्लता रक्तात जाते आणि त्यातून हार्ट अटॅक येतो.'

सगळ्या मजकुराचा पाया हाच आहे, आणि तोच चुकीचा आहे.

जठरातला रस तीव्र आम्ल असतो. त्याचा सामू साधारण १.५ ते ३.५. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५, म्हणजे किंचित अल्कधर्मी, आणि शरीर तो या एवढ्याशा पट्ट्यातच धरून ठेवतं. रक्तातला बायकार्बोनेट आम्ल लगेच टिपून घेतो, फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून काही मिनिटांत तोल सावरतात, मूत्रपिंडं उरलेलं आम्ल लघवीवाटे काढून टाकतात. आहार बदलला की लघवीचा सामू बदलतो, रक्ताचा जवळजवळ हलत नाही. लघवीत पट्टी बुडवून 'शरीर अल्कधर्मी झालं' असं सांगणारे नेमकी हीच गल्लत करतात.

रक्त खरोखर आम्ल होतं तेव्हा काय दिसतं? अनियंत्रित मधुमेहातला किटोअ‍ॅसिडोसिस, निकामी झालेली मूत्रपिंडं, सर्वदूर पसरलेला जंतुसंसर्ग. सामू ७.२ च्या खाली गेलेला माणूस अतिदक्षता विभागात असतो, ६.८ च्या आसपास जगणंच कठीण होतं. महिनोन्‌महिने आम्ल रक्त घेऊन कुणी बाजारहाट करत फिरत नाही.

पोटाचं तर उलटंच आहे. जठरातल्या पेशी आम्ल तयार करताना त्याच्या बदल्यात बायकार्बोनेट रक्तात सोडतात. त्यामुळे पोटभर जेवल्यावर जठराकडून परतणारं रक्त थोडा वेळ जास्त अल्कधर्मी होतं. पुढे आतड्यात स्वादुपिंडाचा रस जठरातून आलेलं आम्ल शमवतो. पोटातलं आम्ल रक्तात मुरत राहतं असा मार्गच शरीरात नाही.

मग ब्लॉकेज कसा होतो? हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या. त्यांच्या आतल्या अस्तराला तंबाखू, उच्च रक्तदाब, वाढलेली साखर यांनी इजा होते आणि रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरतं. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच फुगून अडकतात, सूज येते, वर तंतूंचं पातळ आवरण धरतं. हे वर्षानुवर्षं चालतं, बहुतेकदा कसलीही जाणीव न होता. मग एखाद्या दिवशी ते आवरण फाटतं, आतला मेदाळ भाग रक्ताच्या संपर्कात येतो आणि काही मिनिटांत त्यावर गुठळी धरते. धमनी बंद पडते. हा हार्ट अटॅक. म्हणूनच अँजिओग्राफीत जेमतेम ४०-५० टक्के अडथळा दिसलेल्या जागीही झटका येऊ शकतो. मजकुरात नळात अडकलेल्या कचऱ्याचं चित्र रंगवलं आहे, पण हा थर नळाच्या पोकळीत नसून भिंतीच्या आत वाढतो. वरून काही ओतून तो धुऊन निघत नाही.

आणि हे कुणाला होतं तेही माहीत आहे. ५२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने २००४ साली दाखवलं की पहिल्या झटक्याची ९० टक्क्यांच्या आसपास जोखीम नऊ गोष्टींनी समजावता येते: धूम्रपान, रक्तातल्या मेदाचं बिघडलेलं प्रमाण, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहारात फळं-भाज्या कमी असणं, व्यायाम नसणं, आणि मद्यपानाचं प्रमाण. पोटातल्या आम्लतेचं त्यात नाव नाही. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर, सरासरी ५३ च्या आसपास येतो असं दिसलं. चघळण्याच्या तंबाखूनेही जोखीम वाढते हेही त्यातून पुढे आलं. आपल्याकडे घरोघरी मिश्री लावणाऱ्या बायकांना हे कुणी सांगत नाही. दुधीचा मजकूर मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

या मुद्द्याचा सगळ्यांत मोठा धोका वेगळाच आहे. हार्ट अटॅकचं मूळ अ‍ॅसिडिटीत आहे असं मनात बसलं की छातीत दुखायला लागल्यावर माणूस सोडा पितो, पित्ताची गोळी घेतो, ढेकर यायची वाट बघतो. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला तर दुखणं पोटाच्या वरच्या भागात, मळमळीसह जाणवू शकतं. बायकांना, मधुमेह्यांना आणि वयस्कांना कित्येकदा छातीत कळ येतच नाही. दम लागतो, दरदरून घाम येतो, गळून गेल्यासारखं होतं. रक्त बंद झालेल्या स्नायूच्या पेशी अर्ध्या तासाच्या आत मरू लागतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येतं, पण त्याचा खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत धमनी उघडावी हे डॉक्टरांचं उद्दिष्ट असतं. पण 'पित्त झालंय' म्हणत घरी घालवलेले तास त्यात धरलेले नसतात. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा भरून येणं, घाम, अचानक दम यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा आणि जवळच्या ठिकाणी ईसीजी काढा. अ‍ॅसिडिटी निघाली तर बरंच झालं.

'दुधीच्या रसाने दोन-तीन महिन्यांत ब्लॉकेज साफ होतात.'

अनशापोटी प्यायलेला रस आधी जठरातल्या त्याच आम्लात पडतो आणि तिथे पचतो. दुधीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. भाजी म्हणून दुधी चांगलाच. कमी तेलात केली तर मला आवडतेही. पण तिचा रस प्यायल्याने करोनरी धमनीतला थर गेला असं नीट केलेल्या कुठल्याही चाचणीत दिसलेलं नाही.

तुलनेसाठी औषधाचा पुरावा बघा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्टेरॉइड चाचणीत रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या (स्टॅटिन गटातल्या) औषधाचा ४० मिलिग्रॅम, म्हणजे सर्वांत मोठा डोस, सलग २४ महिने दिला आणि धमनीच्या आतून अल्ट्रासाउंडने थर मोजला. धमनीच्या जागेतला थराने व्यापलेला हिस्सा सरासरी एका टक्क्याच्या आसपास घटला. दोन वर्षं, जोरदार औषध, आणि एक टक्का! तरीही स्टॅटिनने झटके आणि मृत्यू लक्षणीय कमी होतात, कारण थर घट्ट होतो, त्यावरचं आवरण सहज फाटत नाही. ब्लॉकेज 'साफ' होणं हे उद्दिष्टच नसतं.

मग 'मला बरं वाटलं' म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. छातीतलं दुखणं आपोआप कमी-जास्त होत असतं. अडलेल्या धमनीच्या शेजारच्या बारीक वाहिन्या रुंदावून थोडं रक्त पोहोचवू लागतात. रस सुरू करणारा माणूस बहुधा त्याच दिवसापासून चालायला लागतो, वडापाव सोडतो, गोळ्याही वेळेवर घेतो. दुरुस्त होतो तो या सगळ्याने, आणि श्रेय दुधीला मिळतं.

'स्टेंट म्हणजे दीडशे रुपयांची स्प्रिंग.'

स्टेंट गुंडाळलेल्या तारेची स्प्रिंग नसते. कोबाल्ट-क्रोमियमसारख्या मिश्रधातूच्या बारीक नळीला लेसरने कापून जाळी करतात; तिच्या काड्या केसाएवढ्या जाड असतात. वर सिरोलिमस किंवा एव्हरोलिमससारख्या औषधाचा लेप असतो, कारण नुसत्या फुग्याने धमनी उघडली की तीन-चार जणांमागे एकाची जागा काही महिन्यांत पुन्हा आकसायची. अँड्रियास ग्रुंट्झिगने झुरिकमध्ये १६ सप्टेंबर १९७७ ला पहिली अँजिओप्लास्टी केली ती फुग्याचीच. साधे स्टेंट १९८६ पासून माणसांत बसू लागले, त्याने प्रमाण घटलं, औषधी लेपाने आणखी खाली आलं. 'स्प्रिंगभोवती पुन्हा ब्लॉकेज होतो' हे ऐकीव वाक्य त्या जुन्या काळातून आलं असावं.

किमतीबद्दलचा राग मात्र मला समजतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत रुग्णालयात एका स्टेंटचे लाखाच्या पुढे पैसे लावले जात, आणि त्यात नफेखोरी होती. म्हणूनच राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली: औषधी स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०. नंतर या दरांत फेरबदल होत गेले, पण मर्यादा आजही आहे. बिलावर स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. महाराष्ट्रात अँजिओप्लास्टी आणि बायपास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहेत. मजकूर पुढे पाठवण्यापेक्षा ही माहिती पाठवा.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक ब्लॉकेजला स्टेंट लागत नाही. झटका चालू असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते, यात शंका नाही. पण चालल्यावर दुखतं, थांबल्यावर जातं, असं महिनोन्‌महिने स्थिर असलेलं दुखणं वेगळं. २००७ ची करेज आणि २०२० ची इस्केमिया या दोन मोठ्या चाचण्यांत अशा रुग्णांमध्ये औषधांच्या जोडीला लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. दुखण्याला उतार मात्र जास्त मिळाला. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असेल किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी असेल तर हिशेब बदलतो. म्हणून 'आजच करायलाच हवी का, औषधांवर थांबता येईल का?' हे डॉक्टरांना जरूर विचारा, दुसरं मत घ्या. पण त्या चाचण्यांत औषधांवर राहिलेले लोक अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि बीपीच्या गोळ्या घेत होते, तंबाखू सोडत होते. रसावर नव्हते.

ज्यांना स्टेंट बसला आहे त्यांनी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद करू नये. विशेषतः पहिल्या काही महिन्यांत ती थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन धमनी एकदम बंद पडू शकते.

'नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना.'

होतो, आणि जीवघेणाही होऊ शकतो. दुधीत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं वाढतात. बाहेरून फळ बघून ते कळत नाही. दिल्लीत २०१० साली असा रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने सांगितलेलं साधं आहे: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या, कडू रस अजिबात पिऊ नका, आणि त्यात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. फिरणाऱ्या मजकुरात नेमकं तुळस, पुदिना आणि मीठ घालायला सांगितलं आहे. त्याने धोक्याची एकमेव खूण, म्हणजे कडवटपणा, झाकला जातो. 'औषध कडूच असतं' म्हणून नाक दाबून पिणारे तर अधिकच धोक्यात.

सैंधवाचंही तसंच. त्याचा मोठा हिस्सा सोडियम क्लोराइडच. ज्याला बीपी आहे, हृदय कमजोर आहे, पायाला सूज येते, त्याने अनशापोटी रोज जास्तीचं मीठ का घ्यावं?

कडू रस पोटात गेल्यावर काही वेळातच पोटात मुरडा, उलट्या, जुलाब सुरू होतात. उलटीतून रक्त पडू शकतं, बीपी एकदम खाली जातं. याला उतारा म्हणून वेगळं औषध नाही. सलाइन आणि बीपी सांभाळणारे उपचार वेळेत मिळावे लागतात. अशा माणसाला घरी ताक-लिंबू देत बसू नका, लगेच रुग्णालयात न्या. तिथे पोहोचल्या पोहोचल्या 'सकाळी दुधीचा रस प्यायला होता' हे आपणहून सांगा. रक्ताची उलटी बघून डॉक्टरांचं लक्ष आधी अल्सरकडे जातं, आणि हृदयाचा रुग्ण असेल तर तो घेत असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांकडे.