हाडं मोजून काय मिळतं? गिल्मोर यांच्यावरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार.

डायनोसॉरांच्या हाडांचे अमेरिकन अभ्यासक चार्ल्स गिल्मोर यांच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. दोन ओळींत उडवून लावावी अशी तुमची प्रतिक्रिया नाही, म्हणून माझं उत्तरही लांबलंय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. गिल्मोर यांनी उभ्या आयुष्यात एकही सिद्धान्त मांडला नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात चाळीसेक वर्षं बसून त्यांनी इतरांनी खणून आणलेल्या हाडांची लांबी-रुंदी लिहून ठेवली. त्यांनी दिलेली किंवा वापरलेली बरीच नावं पुढे बाद झाली. त्यांनी उभा केलेला ट्रायसेराटॉप्स या शिंगांच्या डायनोसॉराचा सांगाडा नव्वदेक वर्षं चुकीच्या पायांवर उभा होता. आणि सीटी स्कॅनच्या जमान्यात असली वर्णनं कालबाह्य झाली आहेत. ‘हाडांचा कारकून’ असं तुम्ही त्यांना म्हटलंय. शेवटी विचारलंय की त्यांच्या एका तरी निबंधातून हाडांच्या पलीकडचं काही कळलं का?

यातले काही तपशील खरे आहेत. त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलाय तो मात्र मला अजिबात मान्य नाही.

आधी ‘बसून’ या शब्दाबद्दल. गिल्मोर १९०३ मध्ये त्या संग्रहालयात आले ते क्युरेटर म्हणून नव्हे, तर दगडातून हाडं मोकळी करणारे म्हणून. त्याआधी पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयासाठी ते वायोमिंगमध्ये खोदकाम करत होते. वॉशिंग्टनला त्यांच्यापुढे ठेवलेलं काम होतं ते येलचे प्राध्यापक ओथनिएल मार्श यांनी सरकारी पैशांतून जमवलेल्या जीवाश्मांचं. मार्श १८९९ मध्ये वारले. त्यांचा सरकारी मालकीचा संग्रह वॉशिंग्टनला आला, पण त्यातलं कितीतरी सामान दगडात, प्लास्टरमध्ये आणि पेट्यांमध्ये तसंच बंद होतं. १८९१ मध्ये वायोमिंगमध्ये सापडलेला एक सांगाडा तर वीस वर्षांहून जास्त काळ कोणी नीट पाहिलाही नव्हता. गिल्मोर यांनी १९१३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि थेसेलोसॉरस हा नवा प्राणी जगाला माहीत झाला. क्युरेटरपद त्यांना मिळालं १९२४ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही ते मोहिमांवर जात राहिले. १९१३ मध्ये मोंटानात, १९२३ मध्ये युटाहमध्ये. युटाहहून आणलेला डिप्लोडोकस हा डायनोसॉर १९३१ मध्ये संग्रहालयात उभा राहिला. एका सांगाड्यापायी आठ वर्षं!

आता सिद्धान्ताचा मुद्दा. त्याच काळात न्यूयॉर्कच्या संग्रहालयात हेन्री फेअरफील्ड ऑसबॉर्न होते. सिद्धान्त मांडण्याची हौस त्यांना दांडगी. उत्क्रांती ठरावीक दिशेने नेणारं काहीतरी सजीवांच्या आतच असतं, अशी त्यांची मांडणी होती. आज ती विज्ञानाच्या इतिहासातच वाचायला मिळते. नेब्रास्कात सापडलेल्या एका दातावरून त्यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतल्या वानराची घोषणा केली. तो दात रानडुकरासारख्या पेकरी या प्राण्याचा निघाला आणि १९२७ मध्ये दावा मागे घेतला गेला. ऑसबॉर्न मोठे होते, त्यांनी उभारलेली संस्था मोठी आहे, आणि टायरॅनोसॉरसला नावही त्यांनीच दिलं. माझा रोख त्यांच्यावर नाही. मला एवढंच दाखवायचंय की सिद्धान्त मांडला म्हणजे काम टिकलं, असं होत नाही. सिद्धान्त कशावर उभा आहे हे नंतरच्या माणसाला तपासता आलं पाहिजे. ती तपासणी ज्यामुळे शक्य होते, ते काम गिल्मोर करत होते.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून स्टेगोसॉरस हा डायनोसॉर घेऊ. त्याच्या पाठीवरच्या पानांसारख्या उभ्या हाडांबद्दल तीन मतं होती. मार्श यांच्या १८९१ च्या चित्रात ती मधोमध एकाच रांगेत आहेत. येलच्या रिचर्ड लल यांनी १९१० मध्ये सांगाडा उभा केला तेव्हा दोन रांगा केल्या आणि पानं समोरासमोर जोडीने लावली. फ्रेडरिक ल्युकस यांचं म्हणणं होतं की रांगा दोनच, पण पानं मागेपुढे, एकाआड एक. तिन्ही माणसं जाणकार होती आणि तिघांकडेही युक्तिवाद होता.

१९१४ मध्ये गिल्मोर यांचा मोनोग्राफ, म्हणजे या एकाच विषयावरचा सविस्तर ग्रंथ, आला. त्यांच्यापुढे नमुना क्रमांक ४९३४ होता. कोलोरॅडोत कॅन्यन सिटीजवळच्या गार्डन पार्कमध्ये मार्शल फेल्च यांनी १८८५-८६ मध्ये खणलेला हा सांगाडा कुशीवर पडलेल्या स्थितीत, दगडातच होता. गिल्मोर यांनी तो संपूर्ण सोडवून लोखंडी सळ्यांवर चढवला नाही. जसा पडला होता तसाच ठेवला आणि कुठलं पान कुठल्या मणक्याच्या वर आहे, कोणाची कड कोणाखाली गेली आहे, हे एकेक करून नोंदवलं. पानं एकमेकांच्या कडा झाकत होती. आणि आकार-मापाने तंतोतंत जुळणारी दोन पानं त्यांना सापडली नाहीत. जोड्या असत्या तर उजवं-डावं अशी जुळी पानं सापडायला हवी होती. म्हणजे पानं एकाआड एक. १९९२ मध्ये त्याच गार्डन पार्क परिसरात दुसरा सांगाडा सापडला, त्यातही हीच रचना दिसली.

तीन विद्वानांचा वाद त्यांनी नव्या कल्पनेने नाही सोडवला. दगडातली जागा नीट वाचून सोडवला. याला तुम्ही कारकुनी म्हणत असाल तर म्हणा, पण मग असे कारकून विज्ञानाला आणखी हवे होते, असं मी अगदी मनापासून म्हणेन.

सीटी स्कॅनचा मुद्दा इथेच घेते. २००३ मध्ये वायोमिंगमध्ये स्टेगोसॉरसचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला. तो आता लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. सुझाना मेडमेंट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. या प्राण्याची शरीररचना इतक्या तपशिलात शंभराहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच मांडली जातेय, असं त्यांनी सुरुवातीलाच म्हटलंय. शंभर वर्षं मागे मोजा, म्हणजे १९१४ येतं. एवढा प्रसिद्ध प्राणी, लहान मुलांनासुद्धा ओळखता येणारा, आणि शतकभर सगळं जग एकाच माणसाच्या वर्णनावर विसंबून होतं. स्कॅन हाडाचा आकार देतो, आतली पोकळी दाखवतो, आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण मणक्यावरचा अमुक कंगोरा वयामुळे आलाय, दगडाच्या दाबाने आलाय की त्या जातीचं लक्षण आहे, हे स्कॅन सांगत नाही. त्यासाठी अनेक नमुने पाहिलेल्या माणसाला बसून लिहावंच लागतं. मेडमेंट यांनीही तेच केलं, हाडामागून हाड.

आता नावं. तुमचा सगळ्यात जोरदार आक्षेप हाच आहे आणि उदाहरणं तुम्ही चांगली निवडली आहेत.

ॲलोसॉरस या मांसाहारी डायनोसॉराचं पाहा. १९२० च्या मोनोग्राफमध्ये गिल्मोर यांनी मार्श यांचं हे नाव बाजूला ठेवून जोसेफ लायडी यांचं अँट्रोडेमस हे जुनं नाव वापरलं. लायडी यांचं नाव शेपटीच्या एका अर्धवट मणक्यावर उभं होतं. इतक्या तुटपुंज्या हाडावरून जात ठरवता येत नाही, हे पुढे सगळ्यांनी मान्य केलं आणि जेम्स मॅडसन यांच्या १९७६ च्या कामानंतर ॲलोसॉरस हे नाव पुन्हा रुळलं. म्हणजे गिल्मोर यांची नावाची निवड टिकली नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण गोष्ट इथे संपत नाही. मार्श यांनी ज्या हाडांवरून ॲलोसॉरस हे नाव दिलं होतं, तीही फार तुटक होती. त्यामुळे प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२३ मध्ये त्या नावासाठी नवा प्रमाण-नमुना, म्हणजे ते नाव ज्याच्याशी बांधलेलं असतं तो नमुना, ठरवला. तो नमुना क्रमांक ४७३४. गिल्मोर यांनी १९२० मध्ये ज्याचं हाडन् हाड वर्णन केलं, तोच सांगाडा. स्टेगोसॉरसच्या बाबतीतही २०१३ मध्ये त्याच आयोगाने अशाच कारणासाठी स्टेगोसॉरस स्टेनॉप्स ही प्रमाण जात ठरवली, आणि त्या जातीचा मूळ नमुना म्हणजे वर सांगितलेला ४९३४. जगातल्या दोन सर्वांत ओळखीच्या डायनोसॉरांची नावं आज ज्या सांगाड्यांवर उभी आहेत, ते दोन्ही सांगाडे गिल्मोर यांच्या मोनोग्राफांतून जगाला नीट कळले. नाव बदललं म्हणून वर्णन खोटं ठरत नाही. उलट इतकं भरवशाचं वर्णन हाताशी होतं, म्हणूनच नावाचा घोळ निस्तरता आला.

ब्रॅकिसेराटॉप्स या शिंगांच्या डायनोसॉराबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत आहे. १९१४ मध्ये मोंटानातल्या पिल्लांच्या हाडांवर दिलेलं ते नाव आज कुठल्याच प्राण्याला खात्रीने लावता येत नाही. वाढीबरोबर शिंगांचे आणि मानेवरच्या झालरीचे आकार किती बदलतात, हे तेव्हा कोणालाच पुरेसं ठाऊक नव्हतं.

तुमचं तिसरं उदाहरण आहे क्लीव्हलंडच्या संग्रहालयातली एका मांसाहारी डायनोसॉराची कवटी. ती १९४२ मध्ये सापडली. गिल्मोर यांनी तिला गोर्गोसॉरस लान्सेन्सिस म्हटलं, पण निबंध छापून आला १९४६ मध्ये आणि ते त्याआधीच, सप्टेंबर १९४५ मध्ये वारले होते. तुम्ही लिहिलंय की ही कवटी टायरॅनोसॉरस रेक्सच्या पिल्लाची ठरली, म्हणजे गिल्मोर यांचा निबंध निकाली निघाला. इथे तुमची माहिती थोडी जुनी आहे. १९८८ मध्ये बॅकर, विल्यम्स आणि करी यांनी तिला नॅनोटायरॅनस हे नाव दिलं. १९९९ मध्ये थॉमस कार यांनी ती पिल्लाची कवटी असल्याचं मांडलं आणि पुढची बरीच वर्षं बहुतेकांनी तेच धरलं. मग २०२५ मध्ये लिंडसे झॅनो आणि जेम्स नॅपोली यांनी दुसऱ्या एका जवळजवळ पूर्ण सांगाड्यावरून दाखवलं की नॅनोटायरॅनस हा वेगळाच प्राणी होता. त्याच वर्षी क्रिस्टोफर ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी थेट क्लीव्हलंडच्या कवटीसोबतचं घशातलं हाड कापून त्याच्या वाढीच्या खुणा पाहिल्या. तो प्राणी पिल्लू नव्हता, जवळपास पूर्ण वाढलेला होता.

गोर्गोसॉरस हे वंशाचं नाव गेलं हे खरंच. पण ‘हा टायरॅनोसॉरस रेक्स नव्हे, वेगळी जात आहे’ हा गिल्मोर यांचा निर्णय जवळजवळ ऐंशी वर्षांनी पुन्हा उभा राहिला, आणि ‘लान्सेन्सिस’ हे त्यांनी दिलेलं जातीचं नाव आजही त्या प्राण्याला आहे. उद्या आणखी कोणी वेगळं काही दाखवेल. दाखवू दे. कवटी क्लीव्हलंडला आहे, वर्णन छापलेलं आहे, कोणीही जाऊन ताडून पाहावं.

ट्रायसेराटॉप्सचं थोडक्यात. १९०५ मध्ये उभा राहिलेला तो जगातला पहिलाच ट्रायसेराटॉप्स. मागच्या पायांचे पंजे बदकचोच्या डायनोसॉराचे होते आणि कवटी धडाच्या मानाने लहान होती. तेव्हा ट्रायसेराटॉप्सचे मागचे पंजे कोणाला मिळालेच नव्हते. पण यात लोकांची फसवणूक झाली, हे तुमचं म्हणणं मी मान्य करणार नाही. सांगाडा अनेक प्राण्यांच्या हाडांचा मिळून केलाय, हे गिल्मोर यांनी त्याच वर्षीच्या निबंधात लिहिलं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सगळी हाडं स्कॅन करून सांगाडा दुरुस्त केला गेला. दुरुस्तीला इतका वेळ लागला याचा दोष द्यायचाच तर तो १९०५ च्या माणसाला देऊ नये.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हाडांपलीकडच्या निबंधाचा. आहे, आणि एक नाही, तीन आहेत. १९२६ ते १९२८ या काळात गिल्मोर यांनी ग्रँड कॅन्यनमधल्या जीवाश्म पाऊलखुणांवर तीन निबंध लिहिले. त्यांत हाडाचा तुकडासुद्धा नाही, फक्त खडकावरचे प्राण्यांचे ठसे. तिथल्या कोकोनिनो नावाच्या वालुकाश्माचे, म्हणजे वाळूच्या खडकाचे, थर तिरपे आहेत, कारण ते एके काळी वाळूच्या टेकड्यांचे उतार होते. गिल्मोर यांच्या लक्षात आलं की जवळपास सगळ्या पाऊलवाटा चढाच्या दिशेने जातात. उतरणाऱ्या जवळजवळ नाहीतच. सगळे प्राणी नुसते वर कसे जातील? कारणाचा छडा त्यांना लागला नाही, पण निरीक्षण त्यांनी ठळकपणे नोंदवून ठेवलं. ग्रँड कॅन्यनचे निसर्ग-अभ्यासक एडविन मॅकी यांनी पुढे १९४० च्या दशकात वाळूच्या उतारांवर जिवंत सरपटणारे प्राणी चालवून पाहिले. कोरड्या वाळूवर चढताना उमटलेले ठसे ओळखू येण्याइतके राहतात. उतरताना वाळू घसरते आणि ठसे बुजून जातात. प्राणी दोन्हीकडे जात होते, टिकली ती फक्त एका दिशेची नोंद.