‘बोर्डाची रेषा सोडा आणि कुठेही ड्रिल मारा’ हा सल्ला का पाळू नये

पडद्याचा रॉड, आरओ किंवा एसी बसवायचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: वायर नेहमी स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली असते, तेवढी पट्टी सोडून भिंतीत कुठेही भोक पाडा. चुकून वायर लागलीच तर एमसीबी (वीज आपोआप तोडणारा मीटरपेटीतला स्विच) पडेल. मशीन हॅमरवर ठेवा, जोर लावा, बिट तापलं तर पाणी मारा आणि एका दमात आरपार जा. वाचायला सुटसुटीत आहे, म्हणूनच लोक विश्वासाने पुढे पाठवतात. पण यातली पहिली दोन वाक्यं जिवावर बेतू शकतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

वायर सरळ रेषेतच असते, हे गृहीतच चुकीचं आहे. ब्रिटनमध्ये वायर कुठून न्यावी याचे पट्टे ठरलेले आहेत आणि तिथेही बोर्डाच्या उभ्या रेषेइतकीच आडवी रेषाही धोक्याची धरतात. ती अर्धी बाब या मेसेजमध्ये गळली आहे. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पंख्या-दिव्यांचे पाइप स्लॅब भरतानाच टाकलेले असतात आणि तिथून ते भिंतीत बोर्डापर्यंत उतरतात. इथपर्यंत मेसेज बरोबर वाटेल. पण एका बोर्डातून शेजारच्या सॉकेटला वायर बऱ्याचदा आडवी जाते. ताबा मिळाल्यावर गीझर, एसी, चिमणी यांचे पॉइंट वाढवले जातात, तेव्हा इलेक्ट्रिशियन जवळची वाट पाहतो आणि प्रसंगी भिंत तिरकी खोदतो. जुना फ्लॅट घेतला असेल तर आधीच्या मालकाने काय काय केलं, हे भिंत सांगत नाही. खाच बहुधा पाइप बसेल इतकीच खोल असते. वर गिलाव्याचा पातळ थर. म्हणजे साधा दीड इंची स्क्रूही वायरपर्यंत पोहोचतो.

मग करायचं काय? वायर शोधायचं डिटेक्टर वापरा, पण त्याच्या आवाजावर सगळी भिस्त ठेवू नका. साधं डिटेक्टर वीज चालू असलेली वायरच ओळखतं. दिव्याचं बटण बंद असेल तर बटणापासून दिव्यापर्यंतची वायर त्याला दिसतच नाही. म्हणून आधी त्या भागातले सगळे दिवे-पंखे चालू करा, मग भिंत तपासा, जागा नक्की झाली की त्या खोलीचे एमसीबी बंद करा आणि ड्रिलला दुसऱ्या सर्किटवरून वीज घ्या. बॅटरीवरचं ड्रिल असेल तर घराचा मेन स्विचच बंद करा. भोक आरपार जाणार असेल तर पलीकडच्या खोलीचंही सर्किट बंद हवं. हे फार जण विसरतात. भिंतीला लागून बाथरूम किंवा स्वयंपाकघर असेल तर टाकीकडून येणारा कॉकही बंद करा, कारण पाण्याचा सीपीव्हीसीचा म्हणजे प्लास्टिकचा पाइप धातू शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाही. नवीन घराचं काम चालू असेल, तर गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. त्याहून चांगला नकाशा पुढे मिळणार नाही.

आता ‘एमसीबी पडेल’. एमसीबी शॉर्टसर्किट आणि जादा भार यांपासून वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअरच्या आसपासची गळती पकडून वीज तोडतो, कारण त्यापुढचा प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. बिट फक्त फेजच्या वायरला टेकलं आणि वीज तुमच्या शरीरातून जमिनीत गेली, तर ती एमसीबीच्या दृष्टीने किरकोळ असते. तो पडणारच नाही. आणि जुन्या इमारतींत आरसीसीबी अनेकदा नसतोच.

याहून घातक प्रकार म्हणजे काहीच न होणं. बिटाने वायरचं आवरण फक्त सोललं, स्क्रू तिला टेकून बसला आणि काम नीट झालं असं सगळ्यांना वाटलं, तर तुमचा धातूचा पडद्याचा रॉड जिवंत झालेला असतो. पावसाळ्यात ओल आलेल्या त्या भिंतीपाशी पहिला हात कुणाचा लागेल, कोण जाणे.

आता हॅमर मोड, म्हणजे फिरता फिरता बिट ठोके मारतं तो प्रकार. सगळ्या भिंती सारख्या नसतात. गिलावा पार होईपर्यंत हलक्या हाताने ड्रिल करा आणि त्यापुढची भुकटी बघा. तांबडी म्हणजे वीट, पांढुरकी आणि मऊ म्हणजे सिपोरेक्ससारखा हलका ब्लॉक, करडी आणि बिट पुढे सरकायला तयार नाही म्हणजे काँक्रीट. हलक्या ब्लॉकची ताकद दर चौरस मिलिमीटरला ३-४ न्यूटनच्या घरात असते. तिथे हॅमर लावला की भोक मोठं होतं, कडा ढासळतात आणि गिट्टी (स्क्रू पकडणारा प्लास्टिकचा प्लग) सैल बसते. तिथे हॅमर बंद ठेवा आणि अशा ब्लॉकसाठीचीच गिट्टी घ्या. टाइल पार होईपर्यंतही हॅमर नको.

काँक्रीट लागलं तर आधी ते बीम किंवा कॉलम आहे का, हे ठरवा. छोट्या स्क्रूचं भोक चालतं, पण मध्येच बिट सळईवर अडलं तर जोर न लावता जागा बदला. एसीच्या पाइपसाठी लागणारं अडीच-तीन इंची भोक बीम किंवा कॉलममध्ये कधीच पाडू नका. त्यात सळया आणि रिंगा कापल्या जातात, आणि वरच्या मजल्यांचा भार तिथूनच खाली येत असतो. काही नव्या टॉवरमध्ये तर सगळ्याच भिंती काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात. तिथे बिल्डरने सोडलेलं भोकच वापरा. ते नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय कोअर कटिंगवाल्याला (मशीनने मोठं गोल भोक कापणाऱ्याला) बोलावू नका.

एका दमात आरपार गेलं की पलीकडचा गिलावा खपली निघावी तसा सुटतो. पाचव्या मजल्यावरून ती खपली खाली चालणाऱ्याच्या डोक्यात पडली तर काय होईल, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही. आधी बारीक लांब बिटाने आरपार भोक करा, शक्य असेल तिथे उरलेलं काम पलीकडून करा, नाहीतर शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर हॅमर बंद करून हळू जा. खाली माणूस उभा करून रस्ता मोकळा ठेवा. भोकाला बाहेरच्या बाजूकडे थोडा उतार द्या. नऊ इंची भिंतीला एक सेंटिमीटर पुरतो. नाहीतर मुंबई-कोकणातला तिरका पाऊस थेट घरात येतो. पाइप बसल्यावर फट बाहेरून सीलंटने बंद करा.

विजेच्या चालू ड्रिलवर पाणी मारणं हा उघड धोका आहे. शिवाय तापलेल्या कार्बाइड टोकाला पाण्याने तडा जातो. बिट तापलं तर बाहेर काढा, भुकटी झटका आणि थोडं थांबा. पाण्याचं कोअर मशीन वेगळं असतं, ते कोअर कटिंगवाल्यालाच चालवू द्या.

धुळीचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. वीट, काँक्रीट आणि टाइलच्या धुळीत सिलिका असते, आणि तिचे सूक्ष्म कण श्वासातून जाणं कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९७ मध्येच नोंदवलं आहे. एका भोकाने आजार होत नाही, पण दिवसभर हेच काम करणाऱ्या मुलाच्या तोंडाला नुसता रुमाल असतो. त्याला एन-९५ मास्क आणि चष्मा द्या, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा आणि धूळ बसेपर्यंत लहान मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.