उष्टे खाणाऱ्याला कोण विचारतो?

आज सकाळपासून डोके तापलेले आहे, म्हणून लिहितो आहे. आमच्या सोसायटीतल्या एका चार वर्षांच्या मुलाला मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, झाल्याचे काल कळले. मेनिंगोकोकस या जिवाणूमुळे झालेला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले आणि घरच्या माणसांना लगेच प्रतिबंधक औषध दिले. मूल आता सावरते आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण रात्री दहाच्या आत कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या पट्ट्या संपल्या. ज्यांनी त्या मुलाला गणपतीच्या आरतीनंतर पाहिलेलेही नाही, अशा ई विंगमधल्या एका गृहस्थांनी स्वतःच्या मनाने पाच दिवसांचा कोर्स सुरू केला आणि ग्रुपवर पट्टीचा फोटो टाकून बाकीच्यांनाही तोच सल्ला दिला. खाली नमस्कारांची रांग लागली.

आणि सकाळी जिन्यात मला त्या मुलाला सांभाळणाऱ्या मावशी भेटल्या. नऊ ते सहा ते मूल त्यांच्या कडेवर असते. त्याला भरवायचे, त्याचे नाक पुसायचे आणि वाटीत उरलेला वरणभात टाकवत नाही म्हणून स्वतः खायचा, हे त्यांचे रोजचे काम. त्यांना गोळी मिळाली का, असे विचारले तर म्हणाल्या, "मला कोण कशाला सांगेल?"

तिथेच मला २००५ चा मे महिना आठवला. दिल्लीत मेनिंगोकोकसची साथ होती आणि स्पर्धा परीक्षेच्या नादात आम्ही तिघे मराठी मुले राजेंद्र नगरमधल्या एका खोलीत राहत होतो. आमच्यातला लातूरचा मित्र एका रात्री तापाने फणफणला, पहाटे त्याला मान वाकवता येईना आणि पायांवर जांभळे ठिपके दिसू लागले. सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारले, "खोलीत कोण कोण राहते?" आम्ही दोन नावे सांगितली, रिफाम्पिसिन या प्रतिबंधक औषधाच्या कॅप्सूल घेतल्या आणि परत आलो. डबा आणणारा बिहारी पोरगा, जो कूलरच्या हव्यासाने रोज आमच्याच खोलीत जमिनीवर झोपायचा आणि आमच्याच ताटात जेवायचा, तो आम्हाला आठवलाच नाही.

हे औषध ज्या 'जवळच्यां'ना द्यायचे, त्यांची व्याख्या काही अवघड नाही. रुग्ण आजारी पडण्याच्या आधीच्या सात दिवसांत जे त्याच्याबरोबर एका घरात राहिले, एका खोलीत झोपले किंवा ज्यांचा त्याच्या लाळेशी थेट संबंध आला, ते जवळचे. आपल्या आजीने हे एका शब्दात सांगितले असते: उष्टे. हा जिवाणू एरवीही दहातल्या जवळजवळ एकाच्या घशात निमूटपणे राहतो, लिफ्टमध्ये भेटल्याने सहसा कोणाला आजार देत नाही. औषधाचा हेतू जवळच्यांच्या घशातून त्याला हुसकावण्याचा असतो आणि त्यासाठी ते रुग्णाचे निदान झाल्यापासून शक्यतो चोवीस तासांच्या आत घ्यावे लागते. चौदा दिवस उलटल्यावर त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

भीती खरी आहे, हे मान्य. हा आजार काही तासांत माणूस नेतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा एकच डोस काही ठिकाणी प्रतिबंधासाठी देतात, हेही मान्य. पण एक डोस, तोही डॉक्टरांनी ठरवलेल्या माणसाला. दिल्लीच्या त्याच साथीत या औषधाला न जुमानणारे मेनिंगोकोकस सापडले होते. आपण सर्दीलासुद्धा ही गोळी चणे-फुटाण्यांसारखी खाणार आणि मग जिवाणूंनाच दोष देणार!

त्या पोराची आठवण आम्हाला रात्री साडेनऊला झाली, तेही तो डबा घेऊन दारात उभा राहिला तेव्हा. त्याला घेऊन पुन्हा रुग्णालयात गेलो. डॉक्टरबाई जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण त्यातला शब्दन् शब्द आमच्या वाट्याचा होता. दुसऱ्या दिवशी लघवी नारिंगी झाली म्हणून तो पोरगा रडतच आला, कारण रिफाम्पिसिनने असे होते हे त्याला सांगायलाही आम्ही विसरलो होतो. तो ठणठणीत राहिला. मित्र वाचला, पण त्याचा उजवा कान गेला. आजही फोनवर बोलताना तो म्हणतो, "थांब, डाव्या कानाला लावतो."

सोसायटीतल्या त्या मुलाच्या आईवर माझा राग नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आईला कोणी "घरात कितीजण राहता" असे विचारले, तिने चार म्हणून सांगितले, आणि मावशी तर घरात राहत नाहीत. आम्ही तरी काय वेगळे केले होते? मी मुलाच्या वडिलांना फोन केला, त्यांनी त्याच क्षणी डॉक्टरांना केला आणि दुपारपर्यंत मावशींना औषध मिळाले. राग आहे तो ग्रुपवरच्या दोनशे माणसांवर, ज्यांना स्वतःचा जीव आठवला आणि रोज समोरून ते मूल घेऊन जाणारी बाई आठवली नाही.

संध्याकाळी मावशी पुन्हा भेटल्या. नारिंगी रंगाचे मी यावेळी आधीच सांगितले. ताप आला, मान दुखली, अंगावर डाग दिसले तर औषध घेतलेले असले तरी तडक दवाखाना गाठायचा, हेही सांगितले. "नातीलाही देऊ का गोळी?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "नको. तिचा त्या मुलाशी संबंध आलेला नाही, तिला गरज नाही."

मावशी दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "मग दादा, ई विंगच्या साहेबांनी कशाला घेतली?"