‘हा गोऱ्यांचा आजार’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच लिहायला बसले असते तर रागात काहीतरी बोलून गेले असते म्हणून दोन दिवस थांबले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजली तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्यावर काकांचं म्हणणं असं, की हा गोऱ्यांचा आजार आहे, मांडी घालून आणि उकिडवं बसणाऱ्या आपल्या माणसांना तो होत नाही, रक्त पातळ करायची औषधं म्हणजे उंदीर मारायचं विष, संशोधन सगळं कंपन्यांच्या पैशावर चालतं, आणि पुढच्या महिन्यात काकूंचं गुडघा बदलायचं ऑपरेशन आहे तेव्हा ‘ती पोटातली इंजेक्शनं मी घेऊ देणार नाही’. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी दोन ओळीत आभार मानले असते. पण आता काकूंचा प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. तुम्ही लिहिलंत की या औषधांनी रक्तस्राव होतो त्याबद्दल पोस्टमध्ये एक अक्षर नाही. खरंच नाही, आणि ती माझी चूक आहे. गुठळी रोखणारं प्रत्येक औषध रक्तस्रावाचा धोका वाढवतं, कधी जखमेतून, कधी पोटात, क्वचित मेंदूतही. पोस्टमध्ये आज तसा परिच्छेद घातलाय.

आता गोऱ्यांचं. यातही थोडं तथ्य आहे. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात संशोधकांना रक्त गोठवणाऱ्या एका घटकातला आनुवंशिक बदल सापडला, त्याला ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ म्हणतात, आणि तो युरोपीय वंशाच्या साधारण ५ टक्के लोकांत असतो, आशियात पुष्कळच कमी. पण काका, गुठळी व्हायला तो लागतोच असं नाही ना. जर्मन डॉक्टर विर्शो यांच्या १८५६च्या लिखाणावरून आजही तीन कारणं शिकवतात: रक्त साचून राहणं, शिरेच्या भिंतीला इजा, आणि रक्तच गोठायला उतावीळ असणं. मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाकडे तिन्ही असतात, मग तो पुण्याचा असो नाहीतर पॅरिसचा. चंडीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये वॉर्डात दगावलेल्या हजार रुग्णांची शवविच्छेदनं तपासली तेव्हा सुमारे १६ टक्क्यांच्या फुप्फुसात गुठळ्या सापडल्या होत्या. ती आपलीच माणसं होती.

आणि उकिडवं बसण्याचं म्हणाल तर माझी आई आयुष्यभर तेच करत आली. लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, शिवणाचं मशीन आणि मोरी यांच्यामध्ये तिचं सगळं जग. ७४व्या वर्षी मोरीतच पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं नाव मी घेणार नाही. तिथे होती तोवर रोज पोटात इंजेक्शन मिळायचं, बेंबीच्या बाजूला पाच-सहा निळे डाग पडले होते. पाचव्या दिवशी डिस्चार्ज. कागदावर पेनकिलर, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीची गोळी, बास. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुठळीचा धोका महिनाभर तरी असतो आणि म्हणून ही औषधं ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवावी लागतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी तिचे पाय पुसताना मला डावी पोटरी जड वाटली. आई म्हणाली, अगं झोपून झोपून सूज येतेच. शेजारच्या मावशी लसणाचं तेल घेऊन आल्या. मी मशीनच्या ड्रॉवरमधली आईचीच टेप काढली, ती पिवळी, कडेला इंचाचे आकडे पुसलेली, आणि गुडघ्याखाली चार बोटांवर दोन्ही पायांचं माप घेतलं. ४ सेंटिमीटरचा फरक. तेव्हा मला माहीत नव्हतं की डॉक्टर लोकं शिरेतल्या गुठळीचा अंदाज बांधताना नेमकं हेच मोजतात, आणि ३ सेंटिमीटरच्या वर फरक असला तर तो एक गुण धरतात, कॅनडाच्या वेल्स नावाच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात बसवलेली पद्धत आहे ती. आम्ही आईला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवलं आणि दादरला डॉपलर, म्हणजे पायातल्या शिरांची सोनोग्राफी, करायला नेलं.

डॉपलरच्या स्क्रीनवर दोन काळे गोल दिसत होते, धमनी आणि शीर. डॉक्टरांनी मला जवळ बोलावून दाखवलं. ते प्रोब पायावर दाबायचे, आणि नीट असलेली शीर डोळा मिटावा तशी पूर्ण मिटायची. मांडीकडे सरकले तशी एका ठिकाणी ती मिटेना. कितीही दाबा, गोल तसाच. आत गुठळी होती. त्यातला तुकडा सुटून वर सरकला असता तर हृदयातून थेट फुप्फुसात. आणि त्या दिवशी सकाळी आम्ही तिथे तेल चोळणार होतो.

आता उंदराचं विष. हो काका, वॉर्फरिन खरंच १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आलं. पण ते सापडलं कसं ते ऐका. अमेरिकेत आणि कॅनडात १९२०च्या दशकात गुरं जराशा जखमेने रक्त जाऊन मरायला लागली, बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत खाऊन. १९३३च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून वाट काढत, मेलेली गाय आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. गवतातलं ते द्रव्य वेगळं काढायला त्यांना सहा वर्षं लागली, त्याच्यातूनच पुढे वॉर्फरिन झालं, आणि १९५४ला माणसांसाठी परवानगी मिळाली. उंदराला मारतं तेच द्रव्य माणसाला मोजून देतात, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर नावाचा आकडा बघत बघत, बहुतेकांना तो २ ते ३च्या मध्ये ठेवून. जास्त झालं तर व्हिटॅमिन के देऊन उतरवता येतं. मिठाचंही माप चुकलं तर काय होतं तुम्हाला माहीत आहे.

आणि औषध नाही दिलं तर काय होतं हेही मोजून झालंय. १९६० साली इंग्लंडमध्ये बॅरिट आणि जॉर्डन यांनी फुप्फुसात गुठळी गेलेल्या ३५ रुग्णांवर चाचणी केली. १९ जणांना औषध नाही, १६ जणांना हेपरिन, म्हणजे गुठळी रोखणारं इंजेक्शन, आणि नंतर गोळी. औषध न दिलेल्यांत ५ जण गुठळीनेच गेले आणि आणखी ५ जणांना गुठळी पुन्हा झाली. औषधवाल्या १६ जणांत गुठळीने एकही मेला नाही. चाचणी तिथेच थांबवली. इतका छोटा आकडा आहे, पण मला तो वाचताना दरवेळी त्या १९ जणांची आठवण येते, कारण त्यांच्यामुळे पुढे कुणाला औषधाशिवाय ठेवायची वेळ आली नाही.

कंपन्यांचे पैसे, हा तुमचा सगळ्यात रास्त प्रश्न. २००८चा ‘एन्डॉर्स’ नावाचा ३२ देशांचा अभ्यास, ज्यात भारतही होता, तो हेपरिनच्या प्रकारातलं इंजेक्शन विकणाऱ्या कंपनीच्याच पैशावर झाला होता. म्हणून मी त्याचे आकडे इथे वापरत नाही. पण सगळं संशोधन तसं नाही. ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांना लांब घट्ट मोजे घालायची पद्धत होती, २००९ला मोठी चाचणी झाली, मोज्यांचा गुठळीवर काही उपयोग होत नाही असं दिसलं, उलट त्वचेला जखमा होतात. मोजे विकणाऱ्याला असलं संशोधन कशाला हवं असेल? मग हवा भरून पाय आवळणारे कफ तपासले, २०१३ला, ते उपयोगी निघाले. शंका तुम्हीच घेता असं नाही काका, हे लोकंही घेत बसलेत, फक्त ते हजारो पेशंट मोजून घेतात.

काकूंच्या उपयोगाचं आता सांगते. कॅनडात सरकारी पैशावर ३,४२४ जणांवर चाचणी झाली, खुबा आणि गुडघा बदललेल्यांवर. पहिले ५ दिवस सगळ्यांना रिव्हरॉक्साबान ही रक्त पातळ करणारी गोळी, त्यानंतर निम्म्यांना साधी अ‍ॅस्पिरिन, बाकीच्यांना तीच गोळी पुढे चालू. गुठळ्या दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच, एका टक्क्याच्या आत. हे २०१८चं. म्हणजे तुमच्या मनासारखं, स्वस्त, पोटात इंजेक्शनही नाही! पण मग २०२२ला ऑस्ट्रेलियात सुरुवातीपासूनच फक्त अ‍ॅस्पिरिन देऊन बघितली, तेव्हा ३.४५ टक्क्यांना लक्षणं देणारी गुठळी झाली, इंजेक्शनवाल्यांत १.८२ टक्क्यांना. जास्तीच्या गुठळ्या बहुतेक गुडघ्याखालच्या होत्या, मृत्यूत ठळक फरक दिसला नाही, पण पहिल्या दिवसापासून नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर सोडायला मी तरी कचरले असते. हा निर्णय माझा नाही, तुमच्या डॉक्टरांचा आहे, पण त्यांच्याशी बोलताना या दोन चाचण्या माहीत असलेल्या बऱ्या.

तेव्हा ‘इंजेक्शन घेऊ देणार नाही’ असं सांगू नका, विचारा. काकूंची किडनी कशी आहे ते विचारा, कारण हे इंजेक्शन किडनीवाटे बाहेर पडतं आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं द्रव्य) वाढलेलं असेल तर डोस बदलतो. कधी अल्सर झाला असेल, आधीच अ‍ॅस्पिरिन चालू असेल, प्लेटलेट कमी असतील तर आधीच सांगा. पाठीत भूल देणार असतील तर इंजेक्शनच्या वेळा भूलतज्ज्ञ ठरवतात, त्यात आपण हात घालायचा नाही, घरी उरलेलं कुणाचं तरी इंजेक्शन तर मुळीच टोचायचं नाही. घरी जाताना हे औषध किती दिवस आणि कोण बंद करणार, हे कागदावर लिहून घ्या. आमचं तेवढंच विचारायचं राहिलं.

आणि चालवा त्यांना. डॉक्टर सांगतील त्या दिवशी, शक्यतो ऑपरेशनच्याच दिवशी. तुमचं उकिडवं बसण्यामागचं मूळ म्हणणं हेच आहे ना, की पोटरी हलली पाहिजे? ते शंभर टक्के बरोबर आहे, पोटरीचे स्नायूच रक्त वर ढकलतात. फक्त ऑपरेशनच्या आठवड्यात तेवढ्यावर भागत नाही.

आईने तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या, आता बंद आहेत. टेप परत ड्रॉवरमध्ये गेली. काकूंच्या ऑपरेशनआधी दोन्ही पोटऱ्यांचं माप घेऊन कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे नंतर ताडून बघता येईल, आणि तारीख ठरली की इथेच कळवा.