ठिपक्यांच्या रेघेवरची रजा

गणपतीची रजा हा कोकणी माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. फक्त यंदा ती मागायची कुणाकडे, हे काही केल्या कळेना.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दादरहून सुटणाऱ्या तुतारीची तीन तिकिटं मी काढली, तेव्हा मला एकच साहेब होते. महिन्याभरात दोन झाले. वरची मंडळी बदलली, मूळच्या पार्ल्याच्या पण दहा वर्षं बंगळुरूत मुरलेल्या नव्या मॅडम आल्या आणि आमच्या साहेबांना ‘धोरणात्मक सल्लागार’ करण्यात आलं. म्हणजे केबिन राहिली, केबिनीतला अर्थ गेला.

मग एका तक्त्याचा मेल आला. त्यात मॅडमपासून माझ्यापर्यंत सरळ रेघ होती आणि साहेबांपासून ठिपक्यांची. ठिपक्यांच्या रेघेचा अर्थ तक्ता काढणाऱ्यालाही सांगता आला नाही. माझी आई रांगोळी काढताना म्हणायची, ठिपके चुकले की कमळाचा बेडूक होतो. तो बेडूक मीच.

खरी लढाई एसीच्या रिमोटवरून पेटली. साहेबांना सव्वीस, मॅडमना एकोणीस. रिमोट कधी या खणात, कधी त्या. सकाळी तो कुणाच्या टेबलावर आहे हे पाहून आम्ही आधी कुणाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं ते ठरवायचो. आमचे शिपाई काका तर तो शर्टाच्या खिशात घालूनच फिरायचे. कंपनीत नेमकी सत्ता कुणाची, हे फक्त त्यांनाच ठाऊक असावं.

मी आधी मॅडमकडे गेलो. “रजा आत्तापर्यंत सरच बघत होते ना? त्यांना विचारा,” त्या म्हणाल्या. साहेबांकडे गेलो. “सल्लागार रजा देत नाही रे,” साहेब म्हणाले आणि मग आवाज खाली आणून, “पण तू आधी तिच्याकडे गेलास?” दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. “माझ्याशी बोलणं झाल्यावर तुम्ही त्यांच्याकडे कशाला गेलात?” त्यांनीच पाठवलं होतं, हे सांगायचं धाडस झालं नाही. अडकित्त्यातली सुपारी अडकित्त्याच्या कोणत्या पात्याशी वाद घालणार?

घरी बाबांना हे सांगितलं. आमचं लोअर परळचं ऑफिस ज्या आवारात आहे, तिथंच बाबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १९८२च्या संपात ती नोकरी गेली. चिमणी अजून आहे, खाली कॉफी मिळते. बाबा एकदाच आले होते, कॉफीचा भाव वाचून परत फिरले.

“आमच्यात जॉबर असायचा, म्हणजे मुकादम,” ते म्हणाले. “शिव्या घालायचा, पण रजा द्यायचा. आम्ही गावी गेलो की साच्यावर बदलीवाला. तुझा जॉबर कोण?”

“ते ठरायचंय, बाबा.”

“मग तुम्ही संप कुणाविरुद्ध करणार?”

गणपतीला आठ दिवस उरले असताना साहेबांनी राजीनामा दिला. त्यानंतर दोनच दिवसांत मॅडमना वरच्या मंडळींनी सिंगापूरला उचललं. सकाळी रजेचं पोर्टल उघडलं, तर ‘तुमच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत’ असे सहा अर्ज. नवा माणूस येईपर्यंत खातं माझ्याकडे होतं. पाच अर्ज कोकणातले, सहावा माझाच.

एक सांगतो, खुर्चीचा काहीतरी वास असतो. मी पाचही अर्ज वाचले आणि मनात पहिला विचार आला, सगळे एकदम गेले तर काम कोण करणार? दोघांना तर ‘कारण सविस्तर लिहा’ असं टाकूनही बसलो. गणपतीचं कारण सविस्तर! माझ्या अर्जावर मात्र सहानुभूतीनं विचार केला.

तेवढ्यात काका आले. रोजच्या कागदी कपाऐवजी चहा आज काचेच्या ग्लासात होता. खिशातून रिमोट काढून त्यांनी काही न बोलता माझ्यासमोर ठेवला. मी चोवीसवर केला.

मागून आवाज आला, “साहेब, जरा उकडतंय.”